कोंबडी दिवेलागणीला खुराड्यात का शिरत नाही?
(एक घरगुती अभ्यास)

'कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही' ही म्हण आपण सभा-समारंभांतून नेहमी ऐकतो. सत्य दडपता येत नाही, हा तिचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. परंतु मुळात कोंबडे झाकायचे कशासाठी, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. उत्तर साधे आहे. गावाकडे दिवेलागण झाली की कोंबड्या डालग्याखाली झाकतात किंवा खुराड्यात कोंडतात. या कामाला आपल्या भाषेत 'डालणे' असे स्वतंत्र क्रियापदच आहे. "कोंबड्या डालल्या का गं?" हा प्रश्न सासूने सुनेला विचारला नाही अशी संध्याकाळ गावात जात नसे. ज्या कामासाठी भाषेने खास शब्द राखून ठेवला, ते काम वाटते तितके किरकोळ नसते.

प्रस्तुत लेखात आम्ही या कामातील एका नेहमीच्या अडचणीचा विचार करणार आहोत. नऊ कोंबड्या गुपचूप आत जातात आणि दहावी जात नाही. ती कुंपणावर बसते, शेवग्यावर चढते, नाही तर उभ्या असलेल्या हातगाडीवर जाऊन बसते. मग घरातील लहान-थोर काठ्या घेऊन तिच्यामागे धावतात. अर्धा तास गोंधळ होतो आणि शेवटी "हट्टी आहे मेली" असे म्हणून सगळे घरात जातात. सकाळी तिथे पिसे सापडतात.

विलेपार्ल्यासारख्या उपनगरात हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. परंतु इर्ला नाल्याच्या बाजूच्या वस्त्यांत, जुन्या वाड्यांच्या परसात, चाळीच्या मागच्या मोरीलगत चार-पाच कोंबड्या बाळगणारी घरे आम्ही पाहिली आहेत. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांचे एक पाऊल मुंबईत आणि दुसरे गावात असते. रत्नागिरीला, साताऱ्याला, जालन्याला आपली आई, मावशी, वहिनी आजही कोंबड्या पाळत आहे. हा लेख तिच्यासाठीही आहे.

नुकसान किती होते?

देशी कोंबडी वर्षाकाठी साधारणपणे ५० ते ८० अंडी देते. त्यांतील काही अंड्यांवर ती स्वतः बसते आणि पिल्ले काढते. म्हणजे एका रात्री एक कोंबडी गेली, की वर्षभराची अंडी आणि पुढची पिलावळही तिच्याबरोबर जाते. हा पैसा बहुधा घरातील बाईच्या हातातला असतो. वहीपेन, बसभाडे, औषधाची बाटली असे खर्च, जे नवऱ्याकडे मागायला तिला संकोच वाटतो, ते ती अंड्यांतून भागवते. म्हणून दहावी कोंबडी बाहेर राहिली ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आमच्या पेशात दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय तिजोरीला कुलूप लागत नाही. खुराड्याचा नियमही तोच असावा. मोजणी जुळल्यावाचून दार लावू नये, आणि तूट आली तर तिचे कारण शोधावे.

कोंबडीचा मूळ स्वभाव

कारण शोधायचे तर आधी कोंबडी कोण आहे हे समजून घेतले पाहिजे. पाळीव कोंबडी ही मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याची संतती होय. आपल्या सह्याद्रीत आढळणारा करडा रानकोंबडा हा तिचा चुलत नातेवाईक. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याकडून आला असल्याचे २००८ साली संशोधकांनी दाखवून दिले. हे रानपक्षी दिवसा जमिनीवर उकरून खातात, परंतु रात्री झाडाच्या फांदीवर चढून बसतात. खालून येणाऱ्या शत्रूपासून बचाव व्हावा, एवढाच त्यामागील हेतू.

या स्वभावाची नोंद आपल्या पूर्वजांनी दगडात करून ठेवली आहे. मध्य प्रदेशातील भरहुत येथील स्तूपाच्या कठड्यावर कुक्कुट जातकाचा देखावा कोरलेला आहे. झाडावर कोंबडा बसला आहे आणि खाली मांजरी आहे. "मी तुझी बायको होते, खाली ये," असे ती गोड बोलून त्याला सांगते. परंतु तिने आपल्या जातभाईंचे काय केले हे कोंबड्याला माहीत असल्यामुळे तो खाली उतरत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा शिल्पपट आज कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. शेवग्यावर चढून बसणारी आपली कोंबडी त्या कोंबड्याचेच शहाणपण वापरीत असते. आपले खुराडे शेवग्यापेक्षा सुरक्षित आहे, हे तिला अजून पटलेले नसते इतकेच.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. कोंबडीला दिवसा फार चांगले दिसते. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, कोंबडीच्या डोळ्यात त्याहून अधिक प्रकारच्या असतात. परंतु अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशी तिच्याकडे तुलनेने कमी असल्याने अंधार पडताच ती जवळजवळ आंधळी होते. उजेड कमी होऊ लागला की पूर्ण काळोख होण्याआधी जागा गाठायची, ही घाई तिच्या अंगात जन्मतः असते. हीच घाई आपल्या उपयोगाची आहे. ती घरी येण्यासाठी आतुरच असते. आपल्याला फक्त अडथळा दूर करायचा असतो.

तिसरी गोष्ट दाण्याची. रानपक्षी माणसाच्या दारी कसा आला? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीशीर हाडे थायलंडमधील बान नॉन वाट येथे सापडली असून ती इ. स. पू. १६५० ते १२५० या काळातील आहेत. भात व भरडधान्याच्या शेतीमुळे हे पक्षी झाडावरून माणसाच्या वस्तीकडे ओढले गेले असावेत, असे त्या अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे कोंबडीला माणसाच्या घरी आणले ते मूठभर दाण्याने. काठीने कोणी तिला आणले नाही, आणि आजही काठीने ती आत जात नाही.

न शिरण्याची कारणे

(१) बाहेर उजेड असतो. शहरात हे कारण सर्वप्रथम तपासावे. रस्त्यावरचा दिवा, शेजारच्या इमारतीचा झगमगाट, दुकानाची पाटी यांमुळे परसात रात्र होतच नाही. बाहेर उजेड आणि खुराड्यात काळोख असेल, तर अंधारात न दिसणारी कोंबडी काळोखात पाऊल टाकणार नाही.

(२) खुराड्यात किडे असतात. रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा लाकडाच्या फटीत दडून राहतात व रात्री कोंबड्यांच्या अंगावर चढतात. दिवसा पाहिले तर खुराडे स्वच्छ दिसते, म्हणून मालकाला कारण कळत नाही. रात्री बॅटरी लावून दांडीच्या खालच्या बाजूने पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर तांबडे डाग पडले तर चोर सापडला असे समजावे.

(३) दांडीवर जागा नसते. कोंबड्यांमध्ये मोठी-धाकटी अशी उतरंड असते. नॉर्वेचे अभ्यासक श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकाच्या आरंभी याचे शास्त्रीय वर्णन केले. वरची खालचीला टोचते, खालची तिच्याखालचीला. सर्वांत खालच्या पायरीवरची कोंबडी दारात टोच खाते आणि बाहेर राहते. आपण जिला हट्टी म्हणतो ती पुष्कळदा घाबरलेली असते.

(४) कोंबडी नवीन असते. बाजारातून आणलेल्या कोंबडीला हे आपले घर आहे हे कोणी सांगितलेले नसते. आईविना वाढलेल्या तलंगांचेही असेच होते. त्यांना दांडी ठाऊक नसते, त्या कोपऱ्यात एकमेकींवर गर्दी करून झोपतात.

(५) आत भीती बसलेली असते. एखाद्या रात्री घूस, मुंगूस, बोका किंवा साप आत शिरून गेला असेल, तर ती जागा कोंबड्या टाळतात. अशा वेळी कोंबड्यांना दोष न देता खुराड्याचे भोक शोधावे.

(६) आत कोंदटपणा असतो. विष्ठेचा उग्र वास, ओला तळ, पत्र्याखालचा उकाडा यांनी कोंबडीचे डोळे चुरचुरतात. सायंकाळी खुराड्यात आपण स्वतः डोके घालून चार-पाच श्वास घ्यावेत. आपल्याला सोसवत नसेल तर तिला बारा तास कसे सोसवेल?

(७) कोंबडी खुडूक असते. ती कुठे तरी आडोशाला अंड्यांवर बसली असेल, तर दिवेलागणीला दिसणारच नाही. अडगळ, लाकडाचा ढीग, जुने पिंप पाहावे.

(८) कोंबडी आजारी असते. पिसे फुलवून, मान खाली घालून एकटी बसलेली कोंबडी हट्टी नसून आजारी असू शकते. तिला इतरांत न मिसळता वेगळे ठेवावे.

उपाय

वरील कारणांवरून उपाय आपोआप सुचतात. तरीही क्रमाने सांगतो.

प्रथम खुराडे दुरुस्त करावे. दर कोंबडीमागे दीड ते दोन चौरस फूट जमीन आणि दांडीवर साधारण १५ ते २० सेंटीमीटर जागा असावी. दांडी ४ ते ५ सेंटीमीटर रुंद व कडा गोल केलेली असावी. दोन दांड्या असतील तर शिडीसारख्या वर-खाली पण एकाखाली एक येणार नाहीत अशा बसवाव्यात, म्हणजे खालचीच्या अंगावर घाण पडत नाही. फटी बुजवून, उकळते पाणी ओतून, वाळल्यावर चुना मारावा. जाळीची भोके अर्ध्या इंचाहून मोठी नसावीत. घूस आणि मुंगूस उकरून आत येतात, म्हणून जाळी जमिनीत फूटभर पुरावी. तळाला भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा घालावा आणि ओला झाला की बदलावा. वारा खेळण्यासाठी छपरालगत जाळी ठेवावी, मात्र दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या अंगावर थेट झोत येऊ नये.

दुसरा उपाय उजेडाचा. रस्त्याच्या दिव्याकडील बाजू गोणपाटाने झाकावी. दिवेलागणीला खुराड्याच्या आत लहान दिवा लावावा. बाहेर अंधुक आणि आत उजेड असा फरक झाला की कोंबड्या उजेडाकडे येतात. त्या दांडीवर बसल्या की दिवा काढावा, परंतु एकदम नव्हे. आधी मंद करावा किंवा दूर न्यावा. एकाएकी काळोख झाला तर खाली उभी असलेली कोंबडी रात्रभर तिथेच राहते. अंडी वाढावीत म्हणून जादा दिवा लावायचा झाल्यास तो याच कारणासाठी पहाटे लावावा, संध्याकाळी नको.

तिसरा उपाय दाण्याचा. रात्रभर पुरेल एवढे अन्न साठवण्यासाठी कोंबडी सायंकाळी भरपूर खाते. म्हणून दुपारचे दाणे थोडे हात राखून टाकावेत आणि सायंकाळची मूठ खुराड्याच्या आतच टाकावी. त्या वेळी रोज एकच हाक द्यावी. 'ती ती ती' म्हणा, 'आ आ आ' म्हणा, नाही तर डब्यात दाणे खुळखुळवा. परंतु हाक बदलू नये आणि ती रिकामी जाऊ देऊ नये. हाक मारून दाणा दिला नाही की कोंबडी दुसऱ्यांदा विश्वास ठेवीत नाही. उरलेले दाणे मात्र झाडून काढावेत, अन्यथा घुशींना आमंत्रण जाते.

चौथा उपाय वेळेचा. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभी सात वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. कोंबडी घड्याळ पाहत नाही. वर्षभर साडेसहालाच खुराडे लावायचे ठरवले, तर हिवाळ्यात उशीर होतो आणि पावसाळ्यात घाई. मावळतीपूर्वी अर्धा तास दार उघडे व खुराडे तयार असावे. नोकरीमुळे आपण उशिरा घरी पोहोचत असू, तर हे काम घरातील एका ठरावीक माणसाकडे, शाळकरी मुलांकडेसुद्धा, सोपवावे. रोज माणूस बदलला तर कोंबडी बुजते.

हाताने उचलावी लागली तर

एवढे करूनही एखादी कोंबडी बाहेर राहिलीच, तर तिच्यामागे धावू नये. पाठलागाने ती दमते, इतर कोंबड्याही बाहेर पडतात आणि दुसऱ्या दिवशी ती अधिक लांब जाऊन बसते. ती जिथे बसली असेल तिथे बसू द्यावे, तिच्यावर नजर ठेवावी आणि पुरता काळोख होण्याची वाट पाहावी. अंधारात तिला दिसत नसल्यामुळे ती जागची हलत नाही. तेव्हा शांतपणे मागून जाऊन दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून उचलावे, छातीशी घ्यावे आणि दांडीवर नेऊन ठेवावे. तोंडाने हळू बोलत राहिले तर चालते, बॅटरी मात्र तिच्या डोळ्यांवर मारू नये.

पाय धरून उलटी लटकवत नेण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती सोडली पाहिजे. माणसाच्या छातीखाली असतो तसा स्नायूंचा पडदा पक्ष्याला नसतो. कोंबडी उलटी झाली की पोटातील अवयव तिच्या हवेच्या पिशव्यांवर दाब देतात आणि तिला श्वास घेणे जड जाते. ज्या खुराड्याकडे रोज असे गुदमरत जावे लागते, तिथे ती आपल्या पायांनी कशी जाईल?

एका आठवड्याचा पाठ

नव्या किंवा बिघडलेल्या कोंबडीसाठी आठवड्याचा क्रम असा ठेवावा. पहिले चार दिवस तिला दाणा-पाणी देऊन खुराड्यातच ठेवावे. शक्य असल्यास खुराड्याला लागून जाळीचे लहानसे अंगण करावे. रोज सायंकाळी तीच हाक, तोच दिवा, तीच मूठ. ती दांडीवर चढत नसेल तर अंधार पडल्यावर उचलून दांडीवर ठेवावी. पाचव्या दिवशी मावळतीला तासभर बाकी असताना तिला बाहेर सोडावे. फार लांब जायला तिला वेळच मिळत नाही. सहाव्या दिवशी दोन तास आणि सातव्या दिवशी दुपारपासून. बहुतेक कोंबड्या एवढ्यात घर ओळखतात. ज्या ओळखत नाहीत त्यांच्याबाबत वरील आठ कारणे पुन्हा एकेक तपासावीत.

खुराडे हलवायचे असेल तर कोंबड्या आत कोंडल्यावर रात्री हलवावे आणि हाच पाठ पुन्हा द्यावा. दिवसा हलवले तर त्या सायंकाळी जुन्या मोकळ्या जागेवरच येऊन उभ्या राहतात.

शहरात पाळणाऱ्यांची जबाबदारी

आपल्या पार्ल्याला विमानतळ लागून आहे. पिसे, आतडी, मेलेली कोंबडी उघड्यावर किंवा नाल्यात टाकली की घारी जमतात, आणि उडत्या विमानाला घारीची धडक जिवावर बेतू शकते. घाण बंद पिशवीतून कचरागाडीतच द्यावी. कोंबड्या पाळण्यापूर्वी शेजाऱ्यांना व महापालिकेच्या विभाग कार्यालयाला विचारावे. पहाटेची बांग सर्वांनाच गोड वाटते असे नाही. केवळ अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्ले काढायची असतील तरच तो लागतो.

राणीखेत रोगाची लस वेळेवर टोचून घ्यावी. गोरेगावच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुटपालन विकास संस्था आहे आणि परळला १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथे जाणकार माणसे भेटतात. एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मरू लागल्या तर हात न लावता ताबडतोब पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला भारतातील पहिली बर्ड फ्लूची साथ उघडकीस आली, तेव्हा तेथील कोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या. रोग लपवला तर एकाचे नुकसान साऱ्या गावाचे होते.

समारोप

सारांश असा की, खुराड्यात न शिरणारी कोंबडी आपल्याला काही तरी सांगत असते. आत काळोख आहे, किडे चावतात, थोरली टोचते, काल रात्री घूस आली होती, असे ती तोंडाने सांगू शकत नाही. म्हणून ती बाहेर राहून सांगते. आपण काठी उचलली की ते सांगणे ऐकू येत नाही. खुराड्यात वाकून पाहिले, रात्री फडके फिरवून पाहिले, मोजणी रोज केली, तर त्याच कोंबडीचा हट्ट आठवड्याभरात नाहीसा होतो, हा अनेक घरांचा अनुभव आहे.

या सुट्टीत गावी जाल तेव्हा सायंकाळी आईबरोबर खुराड्याजवळ थांबा. किती आत गेल्या ते मोजा. एखादी बाहेर राहिली, तर आधी खुराडे तपासा आणि मग कोंबडीकडे वळा.